तायडे बाईंचं क ते ज्ञ

तायडे बाईंबद्दल चांगलं लिहिण्याचा अधिकार ज्याला सगळ्यात कमी, तो मी. तरी लिहितो आहे, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही. संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कूलमध्ये त्या क्लार्क होत्या, आणि शाळेतल्या क्लार्कवर कुणी काही लिहीत नसतं. गावाचं आणि शाळेचं नाव मी मुद्दाम टाळतो आहे. वाचणाऱ्याला तो सभ्यपणा वाटेल. तो भित्रेपणा आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मी त्या शाळेत कंत्राटी संगणक शिक्षक म्हणून लागलो तेव्हा पंचविशीत होतो. शेजारच्याच गावचा होतो, पण अकोल्याहून डिप्लोमा करून आलो होतो, त्यामुळे आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. पहिल्या दिवशी रुजू अहवाल द्यायला ऑफिसात गेलो. खिडकीजवळच्या टेबलामागे एक बुटक्या, सावळ्या बाई बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पदर कमरेला खोचलेला, आणि समोर वाटीत भिजवलेला स्पंज, पानं उलटताना बोट ओलं करायला. त्यांनी माझा अहवाल एकदा वाचला, पुन्हा वाचला आणि वर न बघता म्हणाल्या,

"क ख ग म्हना."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चूक झाली.

"मुळाक्षरं हो. क पासून. इथी येनाऱ्या सगळ्याले म्हना लागते. हेडसरनंबी म्हटले."

शिपाई नामदेव दारात उभा राहून गालातल्या गालात हसत होता. मी म्हणायला सुरुवात केली. ह पर्यंत धडाधड गेलो आणि शेवटी ऐटीत म्हणालो, "क्ष, ज्ञ."

"अन् ळ कोठी गेला?"

मी मनात पुन्हा ह पर्यंत जाऊन पाहिलं.

"त्याले कोनी इचारतच नाही," बाई म्हणाल्या. "आपल्या तोंडात तं तो येतच नाही. शाळेले आपन शाया म्हन्तो, डोळ्याले डोया. म्हून काय त्याची जागा गेली? ह झाला का ळ. मंग क्ष अन् ज्ञ. अन् हे दोघं अक्षरं नोहेत, जोडाक्षरं हायेत. पाहुने म्हून शेवटी बसवले. ध्यानात ठेवजा, गावंडे."

मग त्यांनी माझी सही घेतली. पुढे कळलं की हे नुसतं थट्टेसाठी नव्हतं. बाईंच्या मागे दोन लोखंडी कपाटं होती. एका कपाटात अ पासून औ पर्यंतचे कप्पे, दुसऱ्यात क पासून ज्ञ पर्यंतचे. शाळेतला प्रत्येक कागद आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे त्या कप्प्यांत जायचा. ज्याला क्रम येत नाही त्याला बाई कपाटाला हात लावू द्यायच्या नाहीत. ळ चा कप्पासुद्धा होता, चिठ्ठी चिकटवलेला. ळ नं सुरू होणारं आडनाव जगात नाही, त्यामुळे त्या कप्प्यात बाईंचा सुपारीचा डबा आणि अडकित्ता असायचा.

बाईंच्या घरचं मला फारसं ठाऊक नाही. यजमान लवकर गेले होते, मुलगी मलकापूरला दिलेली होती, एवढंच. गावातलं पाणी खारं, म्हणून घरून गाळलेल्या पाण्याची बाटली आणायच्या. साडेबाराला भाकर आणि ठेचा, पाऊण वाजता सुपारी. आणि दिवसभर एकच शब्द: अंदाज. म्हणजे तो नको, हे सांगायला. नामदेवला विचारलं, दहावीच्या वर्गात बाकं किती, आणि तो म्हणाला, "अशीन वीसेक," की बाई म्हणायच्या, "अंदाज नको सांगू. मोजून ये." हेडसरांनी एकदा आभाळाकडे बघत सहज म्हटलं, "बाई, आज येईल का पाणी?" बाई रजिस्टरमधून मान वर न काढता म्हणाल्या, "मले नाही सांगता येत सर." हेडसरांचा चेहरा पडला. बिचाऱ्यांना नुसतं बोलायचं होतं.

एखादा अर्ज नीट वाचता आला नाही तर बाई त्यावर पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहायच्या, "समजले नाही, विचारावे," आणि तो माणूस भेटेपर्यंत कागद तसाच ठेवायच्या. मला तेव्हा हा अडाणीपणा वाटायचा. क्लार्कनं संदर्भावरून समजून घ्यायला नको का, असं मी स्टाफरूममध्ये बोलूनही दाखवलं होतं.

त्यांच्या या हट्टाची एक गोष्ट मला फार आवडते. वरवट बकालच्या बाजूचा एक माणूस म्हाताऱ्या बापाचा शाळा सोडल्याचा दाखला मागायला आला. बाप घरी अंथरुणावर. जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात बाईंनी नाव शोधलं, तर पांडुरंग तुकाराम दोन निघाले. एकाच गावचे, एकाच वर्षी शाळेत आलेले, आडनाव एकाचंही नाही. जन्मतारखा तेवढ्या वेगळ्या, आणि त्या माणसाला बापाची जन्मतारीख ठाऊक नव्हती. तीच तर त्याला हवी होती.

हेडसर म्हणाले, "द्या हो कोणतीही. कोण पाहते?"

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चहाचं निमित्त करून बाहेर गेले. मग बाई त्या माणसाला म्हणाल्या, "तुह्या बापानं शाया काऊन सोडली?"

तो ओशाळला. "आता ते कसं सांगू बाई? माह्या जल्माच्या आंधीची गोष्ट."

"मंग त्याले इचार. फोन लाव."

त्यानं लावला. स्पीकरवरून एक खरखरीत म्हातारा आवाज आला. शाळा का सोडली, हे त्या म्हाताऱ्याला बहुतेक साठ वर्षांत कुणी विचारलं नसावं. तो म्हणाला, "म्हशी होत्या न घरी. चार होत्या. कोन चारीन त्यायले?"

बाईंचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी रजिस्टर फिरवून त्या माणसासमोर धरलं आणि बोट ठेवलं. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात एका पांडुरंगापुढे लिहिलं होतं, 'नापास'. दुसऱ्यापुढे, 'गुरे राखण्यास गेला'. "हा तुहा बाप," बाई म्हणाल्या. तो माणूस त्या ओळीकडे बघतच राहिला.

या प्रसंगानंतरच बाईंनी ते मोठं काम डोक्यात घेतलं. जुनी रजिस्टरं शाळेत आल्याच्या क्रमानं भरलेली. आजा कोणत्या वर्षी शाळेत होता हे नातवाला ठाऊक नसलं की सगळी रजिस्टरं पालथी घालावी लागत, आणि पानांचे तुकडे हातात येत. बाईंनी ठरवलं की प्रत्येक नोंदीचा मोबाइलवर फोटो काढायचा, तो कॉम्प्युटरवर घेऊन मोबाइलमधला पुसायचा, आणि प्रत्येक माणसाची वेगळी फाइल करून तिला नाव द्यायचं: आडनाव, नाव, गाव. आडनाव नसेल तर नुसतं नाव. मराठी टायपिंग त्यांना मी शिकवलं. या सगळ्या प्रकरणात माझ्या नावावर जमा धरावी अशी तेवढी एकच गोष्ट.

एका बोटानं टाइप करत, जेवणाच्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर, बाई तीन वर्षं ते करत होत्या. कोणी संघटनेच्या कामाला बोलवलं, कोणी हळदीकुंकवाला बोलवलं, तर म्हणायच्या, "प चालू हाये." म्हणजे प वरची आडनावं. त्या वर्षांत त्यांचा सगळा काळ अक्षरांत मोजला जायचा. नामदेवच्या मुलीचं लग्न भ मध्ये झालं.

ह संपला त्या दिवशी त्यांनी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी शाळेला एक नवा कॉम्प्युटर मिळाला. जुना माझ्या लॅबमध्ये यायचा होता, आणि मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर असल्यामुळे मला तो पुसून कोरा करून हवा होता. बाई म्हणाल्या, "माह्या फायली नव्यावर घेऊन दे. पन कपाटासारख्या दे. स्वरायच्या अलग, व्यंजनायच्या अलग."

माऊसनं निवडून हे अर्ध्या तासात झालं असतं. पण मला माझी विद्या दाखवायची होती. मी नामदेवला, दोन शिक्षकांना आणि बाईंना कॉम्प्युटरभोवती गोळा केलं आणि काळी खिडकी उघडली, जिच्यात चित्रं नसतात, नुसता हुकूम टाइप करायचा असतो. त्या खिडकीत एक सोय असते. चौकोनी कंसात पहिलं अक्षर, मधे आडवी रेघ आणि शेवटचं अक्षर लिहिलं की यंत्र मधल्या सगळ्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या फाइली धरतं. मी आधी [अ-औ] लिहून स्वरांच्या फाइली हलवल्या. मग लिहिलं: [क-ज्ञ].

"पाहा बाई," मी म्हणालो, "तुम्ही तीन वर्षं बसलात, मी एका ओळीत हलवतो."

हे वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं, आणि आठवलं की कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं.

बाई पडद्याजवळ वाकल्या. चष्मा सारखा करून त्यांनी ती ओळ वाचली. "ज्ञ तं जोडाक्षर हाये," त्या म्हणाल्या. "त्याले ज्ञ एक दिसते का दोन?"

मी हसलो. "बाई, मशीन आहे ती. शिपाई नाही." नामदेव माझ्या खांद्यामागेच उभा होता.

"अन् न समजलं तं इचारीन का ते?"

"समजतं त्याला सगळं," मी म्हणालो आणि बटण दाबलं.

काही तक्रार आली नाही. नवीन फोल्डर उघडून दाखवलं. सगळ्यात वर कंकाळ, सगळ्यात खाली ज्ञानदेव सोनाजी. "घ्या," मी म्हणालो, "क ते ज्ञ." बाईंनी पडद्यावरच्या ज्ञानदेवाला बोट लावून पाहिलं. त्यांना खरंच आनंद झाला होता. त्यांनी ळ च्या कप्प्यातला डबा काढून मला सुपारी कातरून दिली. तो मान त्या सहसा कुणाला देत नसत. सुपारी चघळत मी जुना कॉम्प्युटर लॅबमध्ये नेला आणि पुसून टाकला. फाइली मोजाव्यात, निदान मधलं एखादं नाव उघडून पाहावं, असं माझ्या मनातही आलं नाही.

काय झालं होतं ते आता सांगतो. यंत्राच्या लेखी ज्ञ नावाचं अक्षरच नाही. ते ज, मग पाय मोडल्याची खूण, मग ञ असे तीन वेगळे तुकडे पाहतं. त्यामुळे माझी ओळ त्यानं अशी वाचली: क पासून ज पर्यंत, आणि शिवाय ती खूण, आणि ञ. क पासून ज पर्यंतची सगळी आडनावं आली. ज्ञानदेव ज नं सुरू होतो, म्हणून तोही आला आणि ज च्या शेवटी जाऊन बसला. झ पासून ह पर्यंतचे सगळे, म्हणजे तायडे, दाभाडे, पाटील, बोदडे, मानकर, राऊत, वानखडे, सोनोने, हागे, जुन्या कॉम्प्युटरवरच राहिले, आणि ते मी माझ्या हातानं पुसले. यंत्रानं चकार शब्द काढला नाही. त्याला समजलं नव्हतं, आणि त्यानं विचारलं नाही.

महिन्याभरानं जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाहून, साखरखेर्ड्याहून, एक बाई तीन एसट्या बदलून आल्या. माहेर इकडचं. वडील याच शाळेत शिकलेले, वर्ष ठाऊक नाही, आडनाव सोनोने. नोंदीचा उतारा दुसऱ्या दिवशी कुठल्याशा कार्यालयात द्यायचा होता. तायडे बाई त्यांना म्हणाल्या, "बसा. पाच मिन्टाचं काम हाये."

पाच मिनिटं झाली. अर्धा तास झाला. मी काही कामानं ऑफिसात गेलो तर बाई पडद्यासमोर ताठ बसल्या होत्या आणि बोटानं माऊसचं चाक फिरवत होत्या, वर, खाली, पुन्हा वर. मग त्या उठल्या आणि जुनी रजिस्टरं काढून शोधायला लागल्या. संध्याकाळच्या गाडीपर्यंत सोनोने सापडले नाहीत. ते तिसऱ्या दिवशी सापडले. तोवर त्या बाईंच्या भावानं संस्थेच्या सचिवांना फोन करून नाही नाही ते ऐकवलं होतं.

पहिल्याच संध्याकाळी मी लॅबमध्ये जाऊन दार लावून घेतलं. क पासून ह पर्यंतच्या नावांच्या थोड्या कोऱ्या फाइली केल्या आणि तीच ओळ पुन्हा चालवून पाहिली. दहा मिनिटं लागली. मला सगळं कळलं.  आणि त्याच वेळी मी ठरवूनही टाकलं होतं की बोलायचं नाही. माझं कंत्राट पुढच्या महिन्यात संपत होतं आणि ते वाढवणं सचिवांच्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी सचिव आले. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. गावच्या चौकात त्यांचं खत-बियाण्याचं दुकान आहे, आणि शाळेतही ते दुकानातल्यासारखेच बोलतात. हेडसरांच्या केबिनमध्ये आम्ही सगळे उभे होतो.

"झ पासून पुढी बाईनं केलंच नशीन," भाऊसाहेब म्हणाले. "पेढे खाऊ घातले अन् आमाले बनवलं."

"केलं साहेब," बाई म्हणाल्या. "ह परेंत केलं."

"मंग गेलं कोठी? उडून गेलं का बे, नामदेव?"

नामदेव खाली पाहत होता. बाई माझ्याकडे वळल्या. आवाज अगदी साधा होता. कुणाला वेळ विचारावी तसा.

"गावंडे, तुले काही ठाऊक हाये का?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "नाही बाई. तुमच्याकडूनच काहीतरी दाबलं गेलं असेल."

 बाई "असं" म्हणाल्या. बस. मी खोटं बोललो हे एक झालं. पण जी बाई कधी अंदाज सांगत नव्हती तिच्या माथी मी अंदाज मारला, आणि तो सगळ्यांनी मान डोलवून खरा धरला. माझं आडनाव गावंडे. ग हा क आणि ज च्या मधे येतो. आमच्या अख्ख्या भावकीच्या नोंदी शाबूत होत्या.

बाईंकडून लेखी खुलासा मागवला गेला. त्यांनी दोन ओळी लिहिल्या: 'नोंदी कशा गेल्या हे मला ठाऊक नाही. ठाऊक नसलेले कारण मी लिहीत नाही.' भाऊसाहेबांना हा उर्मटपणा वाटला. त्यांनी ताकीद देऊन तशी नोंद सेवापुस्तकात घ्यायला सांगितली. आता शाळेतल्या सगळ्यांची सेवापुस्तकं भरायच्या त्या बाईच. त्यांचं स्वतःचंही. मी हजेरीपटासाठी गेलो तेव्हा त्या आपलं सेवापुस्तक उघडून बसल्या होत्या. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्या पुस्तकात वाईट म्हणावी अशी एक ओळ नव्हती. त्यांनी त्यांच्या त्या गोल, सुंदर अक्षरात लिहिलं: 'संगणकीय अभिलेख अपूर्ण ठेवल्याबद्दल लेखी ताकीद देण्यात आली.' मग हात पुढे केला.

"पट्टी दे रे."

मी पट्टी दिली. त्यांनी ओळीखाली सरळ रेघ मारली आणि पुस्तक हेडसरांच्या सहीला पाठवलं. मी तिथून निघून मुतारीच्या मागे जाऊन उभा राहिलो. रडू आलं नाही. यायला हवं होतं, असं तेव्हाही वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी झ पासून पुन्हा सुरुवात केली. निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलं होतं. साडेबाराची भाकर आता टेबलावरच, एका हातानं. मी त्यांना मदत करू शकलो असतो. दोघांनी मिळून सहा महिन्यांत झालं असतं. पण त्या खोलीत त्यांच्याशेजारी बसायला नको वाटायचं, म्हणून मी म्हणायचो, माझे तास आहेत, माझी प्रात्यक्षिकं आहेत. बाईंनी एकदाही आग्रह केला नाही. माझ्याशी बोलणं तसंच, नेहमीसारखं. फक्त सुपारी पुन्हा कधी विचारली नाही. हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं होतं.

निरोपाच्या कार्यक्रमात भाऊसाहेबांनी भाषण केलं. बाईंच्या प्रामाणिक सेवेचा उल्लेख केला, मग विनोद करायची हुक्की आली. "आमच्या बाईचं मोठं ध्यान मुळाक्षरायवर," ते म्हणाले, "पन त्यायचं क ते ज्ञ झ च्या आंधीच सरलं!" सगळा हॉल हसला. मीही हसलो. दात दाखवून हसलो, कारण भाऊसाहेब आमच्या रांगेकडे बघत होते. बाई साडी-नारळ घेऊन माइकसमोर उभ्या राहिल्या आणि एवढंच बोलल्या: "कपाटाची किल्ली नामदेवपाशी देली हाये. ल परेंत झालं. व पासून बाकी हाये." आणि खाली उतरल्या. ते बाकीचं पुढे कुणी केलं नाही.

वर्षभरानं मीही शाळा सोडली आणि पुण्याला आलो. एका कंपनीत असल्याच काळ्या खिडक्यांवर काम करतो. माझ्या बोलण्याला इथे लोक हसतात, आणि माझी त्याला हरकत नाही. मागल्या वर्षी आमच्या टीममध्ये एक वाद पेटला. इंग्रजीतही हा घोळ आहेच. कंसात a-z लिहिलं तर मोठ्या लिपीतली अक्षरं त्यात धरायची की नाही, हे एका यंत्रावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असतं. एकाचं म्हणणं, यंत्रानं आपल्या नंबरांच्या क्रमानं जावं. दुसऱ्याचं म्हणणं, त्या त्या भाषेच्या कोशाचा क्रम पाळावा. दोघंही हुशार, दोघांकडे मुद्दे. दोन तास चाललं. मग कुणीतरी मला विचारलं, "तुझं काय मत?"

मी म्हणालो, "न समजलं तर त्यानं थांबून विचारावं."

सगळ्यांना ते आवडलं. एकानं फळ्यावर लिहूनही ठेवलं. शहाणपणाचं बोलल्याबद्दल माझं कौतुक झालं आणि मला तिथे बसवेना. त्या फळ्यावर माझ्या नावानं बाईंचं वाक्य लिहिलेलं होतं. त्याच आठवड्यात मी ठरवलं की दिवाळीला गावी गेलो की बाईंकडे जायचं आणि सांगून टाकायचं.

गेलो. बाईंचं घर गावाच्या कडेला आहे, मागे पराटीचं, म्हणजे कपाशीचं, वावर आणि लांबवर सातपुड्याची निळी रेघ. बाई ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. वाळल्या होत्या, पण चष्म्यामागची नजर तीच. मी बसलो आणि कुणी थांबवायच्या आत सगळं बोलून टाकलं: कंस, रेघ, ज्ञ, लॅबमधली दहा मिनिटं, केबिनमधलं माझं वाक्य. बाई शेंगा सोलायच्या थांबल्या नाहीत.

"म्हन्जे ज्ञ त्याले दोन दिसले?" त्यांनी विचारलं.

"तीन, बाई. ज, मग पाय मोडल्याची खूण, मग ञ."

"तीन," त्या म्हणाल्या, आणि मान हलवली. इतक्या वर्षांनी कारण कळल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. मला वाटलं, आता त्या म्हणतील, जाऊ दे रे. मी त्यासाठीच पुण्याहून आलो होतो.

"माफ करा, बाई," मी म्हणालो.

"मले काऊन सांगून राह्यला?" बाई म्हणाल्या. रागानं नाही. "म्या केलं नाही हे मले तं तवाच ठाऊक होतं. ज्यायले ठाऊक नाही त्यायले सांगा लागते." त्यांनी सूप बाजूला सारलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "भाऊसाहेब आता दुकानातच असतीन. सेवापुस्तक शायेतच हाये. त्यायच्यासमोर बोल, मंग त्या ओळीखाली काय झालं ते लिहून दे. आजच होऊन जाईन. पाच मिन्टं थांब, लुगडं बदलून येतो."

 माझा धाकटा भाऊ आता त्याच शाळेत शिकवतो. अजून कायम झालेला नाही. चौकातलं ते दुकान, सणाच्या दिवसांत तिथे बसलेली चार माणसं, त्यांच्यासमोर उभा असलेला मी, हे सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

"हो बाई," मी म्हणालो. "तोवर गाडी वळवून आणतो."

बाई आत गेल्या. आतून पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मी गाडीत बसलो. गल्ली अरुंद आहे, वळवायला हातपंपापर्यंत जावं लागतं. तिथून एक वाट बाईंच्या दारी येते आणि दुसरी वरवट बकालच्या रस्त्याला लागते. मी गाडी वळवली, जरा वेळ इंजिन चालू ठेवून बसलो, आणि दुसऱ्या वाटेला लागलो.

जाताना एकदा मागे पाहिलं. बाई ओट्यावर आल्या होत्या. अंगावर नवी घडी मोडलेलं निळं लुगडं होतं. दाराला कुलूप घालून त्यांनी ते दोनदा ओढून पाहिलं, पिशवी काखेला लावली, आणि गाडी ज्या बाजूनं यायची त्या बाजूला तोंड करून उभ्या राहिल्या.